रायफलीचं तूप

रामटेके मिस्त्रींच्या दुकानात छत्रीलासुद्धा भिंतीकडे टोक करून उभं राहावं लागे. पावसाळ्यात कुणी ओली छत्री काखेत मारून आत शिरला, की मिस्त्री हातातलं काम थांबवत, छत्रीच्या टोकाकडे पाहत आणि म्हणत, "नळी तिकडं करा." नवं गिऱ्हाईक गोंधळून मागे वळून पाही. मग मिस्त्री उठत, छत्री त्याच्या काखेतून काढून घेत आणि कोपऱ्यात नीट उभी करून ठेवत. मी एकदा बोलण्याच्या भरात त्यांच्या छातीशी बोट नेलं, तर त्यांनी ते अलगद धरून खिडकीकडे वळवलं आणि म्हणाले, "हं, आता बोला."

तुमसरच्या जुन्या बाजारात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. त्यांचं बंदूकदुरुस्तीचं, माझं घड्याळदुरुस्तीचं. समोर राइस मिल, त्यामुळे सकाळी दोघांच्याही दारात कोंड्याचा सारखाच थर असे. तो कुणी झाडायचा यावर आमचं कधी ठरलं नाही, आणि बहुतेक वेळा मिस्त्रीच झाडत. फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे दुसऱ्यांनी झाडायच्या बंदुका नीट करून देणारे. निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून त्यांनी हे दुकान टाकलं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांचं अर्धं गिऱ्हाईक एका दिवसात परजिल्ह्यातलं झालं. बंदुका होत्या तिथंच होत्या, माणसंही होती तिथंच, फक्त मधे एक हद्द आली. मिस्त्री म्हणाले, फौजेत असताना अशा हद्दीवर आपण पहारा केला आहे, पण ती आपल्या गिऱ्हाइकांच्या मधून जाईल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्या कामाची एक ठरलेली रीत होती. बंदूक आली की ती लगेच हातात घेत नसत. आधी मालकाला लोखंडी स्टुलावर बसवत आणि प्रश्न विचारत. कधी झाडली, किती वाजता झाडली, कुठे ठेवता, घरात चूल आहे की गॅस. एखाद्या वैद्यालाही रोग्याच्या इतक्या खोलात शिरावंसं वाटत नसेल. मग ते न फुटलेलं काडतूस मागत आणि माझ्याकडे हात करत. हा इशारा माझ्या डोळ्याच्या भिंगासाठी असे. घड्याळाचे दाते पाहायचं ते भिंग डोळ्याला लावून ते काडतुसाच्या बुडावरची टोपी पाहत. टोपी म्हणजे तिथला तो चिमुकला पितळी गोल, ज्यावर पिन आपटली की आतली दारू पेटते. पिन जोरात आपटली तर टोपीवर छान खोल खड्डा पडतो. जोर कमी पडला तर नुसतं बोट टेकवल्यासारखी खूण उमटते, टक असा आवाज होतो आणि पुढे काहीच होत नाही. अशा खुणेला मिस्त्री "लाजरी टोपी" म्हणत. लाजऱ्या टोप्यांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. दोष आधी काडतुसात शोधायचा, मग बोल्टमध्ये, म्हणजे पिन ज्यात बसते त्या मागेपुढे सरकणाऱ्या लोखंडी दांडीत, मग मालकात, हा त्यांचा क्रम. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर मात्र ते फारसं बोलत नसत. एका मिलमालकाची बंदूक टक करून थांबायची, आणि मिस्त्रींनी तपासलं तर काडतुसं त्याच्या लग्नात हवेत झाडायला आणलेल्यांतली उरलेली निघाली. आता त्याचा मुलगा कॉलेजात जात होता. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, की लग्न पावसाळ्यात झालं होतं का.

बंदुकीच्या या वैद्यानं आयुष्यात एकाही जिवावर गोळी झाडली नव्हती. दुकानात उंदीर होते. मिस्त्रींच्या पुसायच्या चिंध्या ते दर आठवड्याला कुरतडत आणि मिस्त्री नव्या चिंध्या आणून ठेवत. त्यांचं घर छप्पन्नपासूनचं बौद्ध. सकाळी दुकान उघडलं की बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून ते पंचशील म्हणत. मधली भिंत विटेची असली तरी मला सगळं ऐकू येई, आणि मी माझं दुकान त्या सुमारास उघडत असल्यामुळे मला तेही थोडंसं पाठ झालं होतं. पहिलं शील जिवाला न मारण्याचं. एकदा विहारात आलेल्या भन्तेंनी त्यांना विचारलं, की उपासक, पहिलं शील घेता आणि बंदुका दुरुस्त करता, हे कसं? मिस्त्री म्हणाले, "भन्ते, माझ्याकडं येनारी हरेक बंदूक न चालनारी असते." भन्ते हसले आणि म्हणाले, "आणि जाणारी?" त्यानंतर आठ दिवस मिस्त्री कुणाशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की पहिल्या शीलात आपण जरा अडचणीत आहोत, पण बाकीची चार पक्की धरून ठेवली आहेत. चौथ्याबद्दल तर ते अगदी निर्धास्त होते. चौथं शील खोटं न बोलण्याचं.

ते चौथं शील कसं मोडलं, ते मी भिंतीच्या या बाजूनं पाहिलं. मोडायला थोडासा हातभारही लावला.

नाकाडोंगरीकडचे बिसेन पाटील एका डिसेंबरात रायफल घेऊन आले. जंगलाला लागून त्यांची शेती. धान निघाल्यावर हरभरा-लाखोरी पेरली की रानडुकरं एका रात्रीत बांधी, म्हणजे धानाची शेतं, नांगरून टाकत. डुकरं मारायची त्यांना रीतसर परवानगी मिळाली होती आणि वडिलांच्या वेळची तीनशे पंधरा बोरची बोल्टवाली रायफल होती. पाटील उंच, मिशा जाड, आवाज भारदस्त. रायफल मात्र तीन वेळा टक करून गप्प बसली होती, आणि ते गावासमोर झालं होतं. पाटलांना डुकरापेक्षा याचं दुःख जास्त होतं. घराण्यात तलवार चालवणारे लोक होऊन गेले, असं ते स्टुलावर बसल्या बसल्या दोनदा म्हणाले.

प्रश्न झाले. आत काही टाकता का, असं मिस्त्रींनी विचारलं. पाटील म्हणाले, काही नाही, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसतो. टोप्या पाहिल्या, तिन्ही लाजऱ्या. काडतुसं नवी होती. मग मिस्त्रींनी रिकाम्या रायफलीवर पेन्सिलीचा प्रयोग केला. रायफल नळी वर करून उभी धरायची, नळीत एक शाळेची पेन्सिल रबराकडून आत सोडायची आणि चाप ओढायचा. पिनेत जोर असेल तर पेन्सिल नळीतून हातभर वर उडते. यासाठी लागणाऱ्या पेन्सिली माझ्या मुलीच्या असत. त्या दिवशी पेन्सिल अशी उडाली की छपराच्या कवेलूला लागून खाली आली. म्हणजे रायफल ठणठणीत. पाटलांनी ती नेली आणि चार दिवसांत परत आणली. पुन्हा टक.

मिस्त्रींनी पुन्हा पेन्सिल उडवली. पुन्हा कवेलू. पाटील चिडले. त्यांना वाटलं मिस्त्री आपल्याला खोटं पाडत आहेत. मिस्त्रींनी मात्र पहिल्या दिवशीचा आपलाच एक प्रश्न पुन्हा विचारला. किती वाजता झाडता? पाटील म्हणाले, पहाटे, पाच-साडेपाचला. आणि इथे आता वाजले होते दुपारचे दोन. मिस्त्री उठले, बोल्ट काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि मला बरोबर घेऊन मच्छीबाजारात गेले. तिथल्या एका ढिवरीण बाईच्या बर्फाच्या पेटीत त्यांनी तो बोल्ट मासोळ्यांच्या खाली अर्धा तास ठेवला आणि अर्धा तास पेटीजवळून हलले नाहीत. बाईला वाटलं मिस्त्रींना मासोळी घ्यायची आहे आणि ते भाव करायला लाजत आहेत. परत आलो, बोल्ट बसवला, चाप ओढला. पेन्सिल नळीच्या तोंडापर्यंतही आली नाही.

"थंडीत रुसते," मिस्त्री म्हणाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

पाटलांना दुसऱ्या दिवशी यायला सांगून त्यांनी बोल्ट खोलला. आत पिनेभोवती स्प्रिंग असते, ती बाहेर आली ती लालसर लगद्यात बुडालेली. मिस्त्रींनी तो लगदा नखावर घेतला, वास घेतला आणि नख माझ्यापुढे केलं. साजूक तूप. त्यात कुंकू. दुपारी उन्हात ते पातळ होऊन पिनेला वाट देई. पहाटेच्या गारठ्यात गोठलं की पिनेला धरून ठेवी.

दुसऱ्या दिवशी पाटील आले तेव्हा मिस्त्रींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की दसऱ्याला घरी हत्याराची पूजा होते का. पाटलांचा चेहरा उजळला. होते म्हणजे काय. चौरंग, झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि शेवटी हत्याराला तूप पाजायचं. हत्याराला वर्षभर उपाशी ठेवायचं नसतं. आजोबा तलवारीला पाच थेंब पाजत, वडिलांनी रायफल आणल्यावर तिला सुरू केलं. तलवारीच्या पात्यावरून तूप ओघळून जाई, रायफलीच्या बोल्टमधे ते आत उतरतं, आणि पाटलांच्या मते याचा अर्थ रायफल ते खरंच पिते. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. आत काही टाकता का, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं. पूजा म्हणजे काही आत टाकणं नव्हे.

मी मिस्त्रींकडे पाहत होतो. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग चिठ्ठीचा कागद घेतला आणि लिहिलं: स्प्रिंग सैल. बदलली. पाटलांना त्यांनी वर एक सूचना दिली, जी ते प्रत्येकाला देत. टक झालं तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. कधी कधी दारू उशिरानं पेटते. नळी समोर जमिनीकडे धरून तीस मोजायचे, मग उघडायचं. पाटलांनी ते लक्षपूर्वक ऐकलं.

पाटील गेल्यावर मी विचारलं, खरं का नाही सांगितलं? मिस्त्री चिंधीनं हात पुसत होते. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "मी सांगन, तं थे तुपाचं राहनार नाई, माह्यं होऊन जाईन. तुमी सांगता का, घडीवाले?"

मी सांगू शकलो असतो. आमचं घर कोष्ट्याचं, दसरा आमच्याकडेही होतो, माझ्या तोंडून ते साधं तुपाचंच राहिलं असतं. पण पाटलांचं मनगटी घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला येत असे, आणि भारदस्त आवाजाच्या माणसाला पूजेबद्दल काही सांगावं असा माझा स्वभाव नाही. मी म्हणालो, पाहू. हे "पाहू" चार वर्षं चाललं.

चिठ्ठी अगदीच खोटी ठरू नये म्हणून मिस्त्रींनी त्या दिवशी चांगली स्प्रिंग काढून तिच्या जागी दुसरी चांगली स्प्रिंग बसवली होती. काढलेली त्यांनी तसबिरीखालच्या खिळ्याला लटकवली. दुसऱ्या सकाळी पंचशील म्हणताना चौथ्याशी ते खोकले. मला वाटलं कोंडा गेला असेल घशात. तिसऱ्या दिवशीही तिथंच खोकले. मग माझ्या लक्षात आलं.

पुढच्या डिसेंबरात पाटील परत आले. स्प्रिंग पुन्हा सैल झाली म्हणाले. मिस्त्रींनी तूप काढलं, रॉकेलनं बोल्ट धुतला, स्प्रिंग बदलली, दुसरी खिळ्याला लटकली. पाटलांनी निघताना सांगितलं की रायफल कमजोर होत चालली हे त्यांच्या ध्यानात आलं आहे, म्हणून यंदा तिला पाचाच्या ऐवजी सात थेंब दिले होते. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा झाले. चौथ्या वर्षी एकवीस. रायफल जितकी रुसे तितकी पाटलांची भक्ती वाढे, आणि भक्ती वाढली की रायफल आणखी रुसे. मिस्त्री हे सगळं ऐकत आणि चिठ्ठी लिहीत. दसऱ्यानंतर लगेच येऊन एकदा तेलपाणी करून जा, असं त्यांनी पाटलांना दोनदा सुचवून पाहिलं. पाटील म्हणाले, नुकती पूजा झालेलं हत्यार लगेच दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं.

याचं फळ मिस्त्रींच्या नावाला मिळालं. रामटेके मिस्त्रींच्या स्प्रिंगा वर्षभर टिकत नाहीत, असं पाटील बाजारात, लग्नात, जिथे भेटतील तिथे सांगू लागले. वाईट हेतूनं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. दोन-तीन गिऱ्हाइकं नागपूरला जाऊ लागली. ज्या माणसानं फौजेत हजारो बोल्ट खोलले, त्याला हे ऐकून घ्यावं लागत होतं आणि उत्तर खिळ्यावर लटकत होतं. मी एकदा म्हणालो, की आता तरी सांगा, तुमचं नाव खराब होतंय. ते म्हणाले, "नावाचं काय. रायफल बिचारी बदनाम नाई झाली पायजे." आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या शीलाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ खोकले.

पाचव्या हिवाळ्यात दसरा ते डिसेंबर या मधल्या काळात, म्हणजे पाटील यायच्या आधीच, जे व्हायचं ते झालं. नोव्हेंबर अखेरीची थंडीची पहाट. हरभऱ्याच्या बांधीत एकटं मोठं डुक्कर होतं. पाटलांनी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नेम धरला आणि चाप ओढला. टक. डुकरानं मान वर केली. आणि पाटलांनी, मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे, नळी जमिनीकडे धरून मोजायला सुरुवात केली. ते अकरापर्यंत पोचले तोच डुक्कर अंगावर आलं.

त्याच्या सुळ्यानं मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. गडी ओरडत आल्यामुळे जीव वाचला. तुमसरच्या दवाखान्यात त्यांना आणल्याची बातमी आमच्याकडे सकाळी आठला आली, आणि अकरापर्यंत मोजल्याची बातमी नऊला. त्या क्षणी मिस्त्री एका दुनाळीचा घोडा साफ करत होते. त्यांनी ती खाली ठेवली. नळी भिंतीकडे करायची ते विसरले. मीच ती वळवली. तीस मोजायचा नियम बरोबर होता आणि आजही बरोबर आहे, हे त्यांना माहीत होतं. पण टक कशामुळे होणार हेही त्यांना माहीत होतं. खिळ्यावरच्या चार स्प्रिंगा काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि निघाले. मी मागोमाग गेलो.

पाटील शुद्धीवर होते. चेहरा पांढरा, मिशा तशाच. आम्हाला पाहून ते कसनुसं हसले आणि म्हणाले, की मिस्त्री, तीस काही झाले नाहीत. मिस्त्री पलंगाशी उभे राहिले आणि खिशातल्या स्प्रिंगा काढून पांघरुणावर ओळीनं ठेवल्या.

"पाटील, ह्या तुमच्या रायफलीतल्या. चारही चांगल्या हायेत. स्प्रिंग कधीच सैल नोती."

"मंग?"

"तूप होतं. थंडीत आत गोठते अन पिनेले धरून ठेवते. मले पयल्या सालापासून मालूम होतं."

पाटील छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अन तुमी सांगतलं नाई."

"नाई सांगतलं."

"काहून?"

"रामटेकेनं पूजेले नाव ठेवलं, असं झालं असतं."

दवाखान्यात शेजारच्या पलंगावरचा माणूसही ऐकत होता. पाटलांनी एक स्प्रिंग उचलली, दोन बोटांत दाबून पाहिली. ती टणक होती.

"झालं असतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आम्ही निघालो. मी काहीच बोललो नव्हतो. रस्त्यात मला फार वाटलं की मिस्त्रींनी मला एखादा शब्द ऐकवावा, म्हणजे बरं वाटेल. त्यांनी ऐकवला नाही. दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडे पंचशील झालं ते सरळ, कुठेही न खोकता. मला आनंद व्हायला हवा होता. पण पाटील लंगडणार हे तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मिस्त्रींचा आवाज खणखणीत असला तरी खाली आला होता.

रायफल पाटलांच्या मुलानं दुकानात आणून ठेवली आणि न बोलता गेला. मिस्त्रींनी तिची नोंद केली, बोल्ट धुतला, मोजून तीन थेंब पातळ तेल दिलं आणि ती कपाटात ठेवली. कुणी न्यायला आलं नाही. होळी गेली, उन्हाळा गेला. त्या दिवसांत मिस्त्री फावल्या वेळात एक सागाचा तुकडा कानसत बसत. मला वाटलं कानशीची मूठ असेल. मृगात त्याला गोल दांडी आणि टोकाला गाठ आली, आणि मग मी ओळखलं. तो बोल्ट होता. रायफलीच्या बोल्टसारखाच, मापात तंतोतंत, आणि आतून पोकळ. मी विचारलं, हे कुणासाठी. ते म्हणाले, कुणी मागितलं तर असावा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाटील काठी टेकत, काखेत छत्री घेऊन आले. स्टुलावर बसायला त्यांना त्रास झाला. पाय लांब करून बसले. थोडा वेळ पीकपाणी, थोडा वेळ रस्ता. शेवटी म्हणाले, उद्या चौरंग मांडायचा आहे, रायफल हवी. पूजा तर चुकवता येत नाही. आणि तूप न पाजता हत्यार मांडणं त्यांच्यानं होणार नाही, हे त्यांनी मिस्त्रींकडे न पाहता, कोंड्याच्या पोत्यांकडे पाहत सांगितलं. मिस्त्रींनी कपाट उघडलं. रायफल काढली, लोखंडी बोल्ट काढून कपाटात ठेवला आणि सागाचा बोल्ट बसवून दिला.

"याले पाजा. लाकूड हाय, कितीबी पिईन. आपला बोल्ट दसरा झाल्यावर घेऊन जा."

पाटलांनी लाकडी बोल्ट मागेपुढे करून पाहिला. एकदा, दोनदा. मग म्हणाले की तलवारीची मूठही लाकडाचीच होती. पावती लिहून झाली. जाताना त्यांनी छत्री उचलली आणि आपण होऊन तिचं टोक खाली केलं. बाजारात मात्र त्यांनी जे पसरवलं होतं ते परत घ्यायला त्यांना वर्ष लागलं. लग्नालग्नातून सांगत फिरले, की रामटेकेच्या स्प्रिंगा एक नंबर, खोट आपल्या घरात होती. नागपूरला गेलेली गिऱ्हाइकं काही परतली नाहीत, कारण त्यांना तोवर नागपूरची सवय झाली होती.

असे तीन दसरे गेले. पाटील आदल्या दिवशी येत, लोखंडी बोल्ट मिस्त्रींच्या कपाटात राही, आणि मिस्त्री दसऱ्याला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला जात. रायफल त्या तीन हिवाळ्यांत एकदाही रुसली नाही. डुकरं मात्र काही कमी झाली नाहीत.

मग मिस्त्रींच्या छातीत दुखू लागलं. त्यांची मुलगी भंडाऱ्याला नर्स होती. तिनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी तूप, तेल, तळलेलं सगळं बंद केलं. तुपावर त्यांनी दोनदा जोर दिला. मिस्त्री मला बाहेर आल्यावर म्हणाले, की तुपानं पिन धरली म्हणायची. दुकान त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं. कपाटातल्या बंदुका ज्याच्या त्याला पोचत्या केल्या, परवाना परत केला. खिळा राहिला.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी तरीही नागपूरला जायचं ठरवलं. मुलगी नागपूरला गाडीशी येणार होती, इकडून चढवून द्यायचं काम माझं. तुमसर रोडच्या फलाटावर पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती, लेकरंबाळं, शिदोऱ्या, निळे झेंडे. मिस्त्रींना मी खिडकीशी जागा मिळवून दिली. आणि तेवढ्यात काठी टेकत, गर्दीतून वाट काढत पाटील येताना दिसले. घरी चौरंग मांडायचा सोडून हा माणूस सकाळी सकाळी इथे कसा, हे मला कळेना. ते खिडकीशी आले. धापा टाकत होते. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला एक पितळी डबा त्यांनी बाहेर काढला.

"लाकडाच्या बोल्टले मंग पाजन. यंदा पयले तुमचा वाटा काढला. घरचं हाय, काल कढवलं." त्यांनी डबा खिडकीच्या गजांतून आत सरकवला. मग एकदम संशय आल्यासारखे थांबले. "कोनी मने तुमाले दवाखान्यात नेलं होतं. तूप चालते ना, मिस्त्री?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. या वेळी मी बोलणार होतो. तोंड उघडलंच होतं. मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला केलं, जसं पूर्वी एकदा माझं बोट केलं होतं.

"चालते," ते म्हणाले. आणि खोकले.

"खोकला झाला वाटते," पाटील म्हणाले. "रोज थोडंसं खा. बरं वाटन."

गाडी हलली. पुढच्या पौषात मिस्त्री गेले, त्यामुळे मला ते आठवतात ते असेच, त्या खिडकीत, पांढऱ्या सदऱ्यात. पाटील काठी वर करून हलवत होते, मीही हात हलवत होतो. मिस्त्रींनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, म्हणून त्यांना हात हलवता आला नाही.